सेरंगूनच्या दारोदारी विजेचा हिशेब

सिंगापूरला दोन-चार दिवसांसाठी जाऊन आलेल्या मराठी प्रवाशाला सेरंगून म्हटले की सेरंगून रोडच्या दक्षिण टोकाचा तो गजबजलेला मुलूख आठवतो, जिथे वीरमाकालीअम्मनच्या मंदिराबाहेर मोगऱ्याचे गजरे विकावयास मांडलेले असतात, टेक्का बाजारात कढीपत्ता आणि ओले खोबरे मिळते आणि दिवाळीच्या आधीचे कित्येक आठवडे रस्त्यावर विजेच्या कमानी झगमगतात. पण हाच रस्ता ईशान्येकडे पुढे जात राहिला, की ज्याला तेथील लोक सेरंगूनचे उपनगर म्हणतात, ती निराळी वस्ती लागते. गृहनिर्माण व विकास मंडळाने, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एचडीबीने, मुख्यतः १९८०च्या दशकात उभारलेल्या उंच इमारती, त्यांच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या ओसऱ्या, खिडक्यांबाहेर बांबूच्या काठ्यांवर वाळणारे कपडे आणि प्रत्येक मजल्यावर भिंतीला टांगलेल्या वातानुकूलन यंत्रांच्या बाहेरच्या पेट्या, असे तिचे रूप आहे. याच वस्तीत सेरंगून अॅव्हेन्यू ३ वर नान्यांग ज्युनियर कॉलेज आहे. आपल्याकडच्या अकरावी-बारावीशी समकक्ष असा तेथील दोन वर्षांचा अभ्यासक्रम असून तो पुरा करून मुले विद्यापीठाच्या वाटेला लागतात.

या वयाच्या मुलामुलींनी पुस्तकांतून मान वर काढून शेजारच्या घरांत डोकावावे, अशी तजवीज सिंगापूरच्या शिक्षणखात्याने रीतसर करून ठेवलेली आहे. १९९७ मध्ये समाजसहभागाचा एक कार्यक्रम सुरू करून प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षाकाठी किमान ६ तास समाजकार्याला द्यावेत, असा शिरस्ता घालण्यात आला. २०१२ मध्ये त्याचे नाव आणि रूप बदलले, तासांच्या मोजदादीपेक्षा विद्यार्थ्यांनी स्वतः विषय निवडून तो तडीस न्यावा यावर भर आला आणि ‘मूल्यांची कृती’ अशा आशयाचे नाव त्याला मिळाले. महाराष्ट्रातल्या ज्या वाचकाने १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत श्रमदान केले असेल, त्याला या कल्पनेचे नवल वाटणार नाही. फरक आहे तो कार्यक्षेत्रात: आपले विद्यार्थी गावी जाऊन बंधारे बांधतात, तर शेतीभाती जवळजवळ उरलेली नसलेल्या आणि लोकसंख्येपैकी सुमारे चार-पंचमांश माणसे सरकारी इमारतींत राहत असलेल्या या नगरराष्ट्रात विद्यार्थ्याला गाव म्हणून समोर दिसतो तो एक बहुमजली ब्लॉक, आणि त्याची सेवा करावयाची म्हणजे लिफ्टने वर जाऊन एकेका दाराची घंटा वाजवावयाची. वृद्धांची विचारपूस, वाचनाचे वर्ग, कचऱ्याची विभागणी या विषयांबरोबरच घरगुती वीजबचत हाही त्यांच्या कामाचा एक विषय होऊन बसला आहे, आणि मला वाटते की वरवर सोपा भासणारा हाच विषय त्यांतला सर्वांत कठीण आहे.

कठीण अशासाठी, की सिंगापूरच्या माणसाला विजेची आठवण करून देणारे असे आयुष्यात फारसे काही घडत नाही. महाराष्ट्रात २००५ नंतरच्या दशकात ज्यांनी संसार केला, त्यांना भारनियमनाने विजेची किंमत शिकविली. कोणत्या तासाला पंप लावायचा, गिरणी कधी चालू असेल, मुलांचा अभ्यास कोणत्या वेळी उरकून घ्यायचा, हे वेळापत्रक घरोघरच्या गृहिणींना मुखोद्गत होते. सिंगापूरमध्ये सरासरी ग्राहकाच्या घरची वीज वर्षभरात एक मिनिटही जात नाही. १८ सप्टेंबर २०१८ च्या मध्यरात्रीनंतर दीड लाखाच्या आसपास ग्राहक ३८ मिनिटे अंधारात राहिले, तेव्हा त्या घटनेची रीतसर चौकशी झाली आणि वर्तमानपत्रांना ती कित्येक दिवस पुरली. एवढा अखंड पुरवठा ज्या बेटावर होतो त्या बेटाजवळ स्वतःचा कोळसा नाही, तेल नाही, वेगाने वाहणारी नदी नाही आणि सौर पट्ट्यांचे शेत पसरावे एवढी मोकळी जमीनही नाही. तेथील सुमारे ९५ टक्के वीज नैसर्गिक वायू जाळून होते आणि तो वायू मलेशिया व इंडोनेशिया या शेजाऱ्यांकडून समुद्रतळाच्या नळांनी आणि २०१३ पासून द्रवरूपात जहाजांनी आणावा लागतो. म्हणजे बटण दाबताच मिळणाऱ्या त्या विजेमागे दुसऱ्याच्या भूमीतला वायू आणि दर युनिटामागे हवेत सोडलेला सुमारे ०.४ किलो कर्बवायू, असा दुहेरी जमाखर्च असतो. घरे देशाच्या एकूण विजेच्या साधारण सहाव्या हिश्श्याचा वापर करतात. बाकीची कारखाने, कचेऱ्या, दुकाने आणि माहितीचे साठे सांभाळणाऱ्या केंद्रांकडे जाते. सहावा हिस्सा म्हणजे क्षुल्लक नव्हे, परंतु विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन देशाची हवा सुधारून टाकली असे म्हणता येईल एवढा मोठाही तो नव्हे, आणि ही मर्यादा मुलांना आरंभीच प्रामाणिकपणे सांगितलेली बरी.

सेरंगूनच्या एखाद्या चार खोल्यांच्या घरात पाऊल टाकले, तर वीज नेमकी कोठे जाते हे पाहण्यासाठी शयनगृहाच्या भिंतीकडे पाहावे लागते. विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंश उत्तरेला असलेल्या या बेटावर दिवसाचे तापमान बाराही महिने ३१-३२ अंशांच्या आसपास जाते आणि रात्री ते २४-२५ च्या खाली क्वचितच उतरते. पुण्याच्या उन्हाळ्याशी तुलना करता हे आकडे सौम्य वाटतील. पण वर्षाची सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असल्यामुळे अंगावरचा घाम वाळत नाही, आणि जो घाम वाळत नाही तो शरीराला थंडही करीत नाही. मुंबईच्या ऑक्टोबरातली ती चिकट दुपार वर्षभर चालू राहिली तर जे वाटेल ते सिंगापूरचे हवामान. ली क्वान यू यांनी उष्ण कटिबंधातील आपल्या देशाच्या उत्कर्षाचे श्रेय ज्या गोष्टींना दिले, त्यांत वातानुकूलन यंत्राला फार वरचे स्थान होते, आणि पंतप्रधान होताच सरकारी कचेऱ्यांत ही यंत्रे बसविण्याचे काम आपण प्रथम केले असे ते सांगत. ज्या राष्ट्राने आपली भरभराट या यंत्राच्या जोडीने पाहिली, त्या राष्ट्रातल्या गृहस्थाला ‘यंत्र बंद करा’ असा उपदेश ऐकवणारा विद्यार्थी दारातूनच परत जाईल, आणि ते स्वाभाविकही आहे.

म्हणून विद्यार्थ्याला या यंत्राचे अंतरंग ठाऊक असावे लागते. वातानुकूलन यंत्र दोन कामे एकदम करते: हवेतली उष्णता बाहेर नेऊन टाकते आणि हवेतला पाण्याचा अंश थंड नळ्यांवर गोठवून नव्हे तर थेंबाथेंबाने जमवून बाहेर काढते, यंत्राच्या नळीतून बाहेर ठिबकणारे पाणी हे त्या दुसऱ्या कामाचे दृश्य प्रमाण. एक लिटर पाणी असे वाफेतून जमवावयाचे तर सुमारे दोन-तृतीयांश युनिट एवढी उष्णता बाहेर उपसावी लागते. माणसाला झोप येते ती बरीचशी या कोरडेपणामुळे, भिंतीवरच्या आकड्यामुळे नव्हे. त्यामुळे १८ किंवा २० अंशांवर यंत्र लावून अंगावर दुलई ओढून झोपण्याऐवजी २५-२६ अंशांवर लावून छताचा पंखा मंद फिरत ठेवला, तर वाहती हवा अंगावरचा घाम उडवून नेते आणि तितकाच आराम बऱ्याच कमी विजेत मिळतो. तेथील राष्ट्रीय पर्यावरण संस्था २५ अंश वा त्याहून अधिकाचा आग्रह धरते तो याच कारणाने, आणि आपल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने १ जानेवारी २०२० पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खोलीच्या एसींचा मूळ आकडा २४ अंशांवर ठेवण्याचा जो नियम केला, त्यामागचा विचारही हाच होता. साध्या यंत्रात आकडा खाली ओढल्याने खोली लवकर गार होते हा समज मात्र चुकीचा आहे. यंत्र त्याच वेगाने चालते, फक्त अधिक वेळ चालत राहते. जाळीवर धूळ साचली तर तेच काम करावयाला त्याला अधिक वीज लागते, आणि ती जाळी काढून नळाखाली धुणे हे घरातला कोणीही पाच-दहा मिनिटांत करू शकतो.

लहान खोलीतले एक यंत्र रात्रभर चालले तर ४-५ युनिटे खर्च होतात. महिन्याला ती दीडशेच्या घरात जातात, आणि अलीकडच्या वर्षांतील दराने, म्हणजे युनिटाला सुमारे ३० सेंट धरून, त्यांचे ४०-४५ डॉलर होतात. आंघोळीच्या जागी लावलेला तात्काळ पाणी तापविणारा गिझर साधारण ३ किलोवॉटचा असतो; १० मिनिटांची एक आंघोळ म्हणजे अर्धे युनिट, आणि चार माणसांच्या कुटुंबाने दिवसातून दोनदा अशा आंघोळी केल्या तर तो आकडा महिन्याला शंभराच्या वर जातो, तोही अशा मुलखात जेथे नळाचे पाणी मुळातच कोमट असते. तिसरा क्रमांक फ्रीजचा, कारण तो एकटाच अहोरात्र चालू असतो. याउलट मोबाइल दररोज भरावयाचा म्हटले तरी वर्षाला ५-७ युनिटांहून अधिक लागत नाहीत, म्हणजे एसीच्या एका-दीड रात्रीचा खर्च. असे असता वीजबचतीच्या भित्तिपत्रकांवर ‘चार्जर काढून ठेवा’ हे वाक्य सर्वांत वर आणि ठळक छापले जाते, ही गोष्ट मला फार अयोग्य वाटते. अमेरिकेतील संशोधक शाहझीन अत्तारी आणि त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये ५०० हून अधिक लोकांना निरनिराळ्या घरगुती कृतींत किती ऊर्जा वाचते याचा अंदाज विचारला, तेव्हा असे आढळले की लोक लहान कृतींची बचत थोडी जास्त समजतात आणि मोठ्या उपकरणांचा खर्च फार कमी लेखतात. दिवा मालवला की डोळ्यांना अंधार दिसतो, म्हणून बचत झाल्यासारखी वाटते. बंद दारामागे चालणारा एसी कोणाला दिसत नाही. सेरंगून रोडवरच्या दिवाळीच्या रोषणाईला नावे ठेवणारे लोक सापडतात, परंतु हल्लीचे एलईडी दिवे पाहता खरा खर्च त्या कमानींपेक्षा आजूबाजूच्या हजारो बंद शयनगृहांत होत असतो. विद्यार्थी दाराशी येतो त्याचा उपयोग असेल तर तो हा, की त्याने घरच्या माणसांबरोबर बसून त्यांच्याच बिलावरचे आकडे घेऊन हा लहानमोठ्याचा विवेक करून दाखवावा.

पण दाराशी मुले आल्याने घरची वीज खरोखर कमी होते काय, याची खातरजमा करता येते का? सुदैवाने सिंगापूरमध्येच तिचा एक प्रयत्न झालेला आहे. ‘प्रोजेक्ट कार्बन झिरो’ या नावाने शाळकरी मुलांना वीजबचतीच्या स्पर्धेत उतरविणारी एक मोहीम तेथे झाली होती. सुमित अग्रवाल, सत्यनारायण रेंगराजन, त्यन फू सिंग आणि यांग यांग या अभ्यासकांनी मोहिमेत भाग घेणाऱ्या शाळांच्या जवळच्या इमारतींतील वीजवापर आणि दूरच्या इमारतींतील वीजवापर यांची तुलना केली आणि २०१७ मध्ये ‘एनर्जी इकॉनॉमिक्स’ या नियतकालिकात तिचा निष्कर्ष मांडला: शाळांच्या आसपासच्या घरांतील वापर थोडासाच, पण निश्चितपणे उतरला होता. ही घट थोडी आहे म्हणून तिला हसू नये. ती घडविण्यासाठी कोणाच्या घरात नवे यंत्र बसविले नव्हते की विजेचा दर वाढविला नव्हता. मुलाने घरी येऊन आईबापांना चार गोष्टी सांगितल्या, एवढेच निमित्त होते.

दुसरा पुरावा पॅसिफिक महासागराच्या पलीकडचा, कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस या गावचा आहे, आणि विद्यार्थ्यांच्या या उद्योगाला तो फार जवळचा आहे. तेथील विद्यापीठाचे वेस्ली शुल्ट्झ यांनी जेसिका नोलन, रॉबर्ट चाल्डिनी आदींच्या साहाय्याने घरांच्या दारांच्या मुठींना चिठ्ठ्या अडकविल्या. काही चिठ्ठ्यांत पर्यावरण वाचविण्याचे आवाहन होते, काहींत भावी पिढ्यांविषयीच्या कर्तव्याचे, काहींत पैसे वाचण्याचे, आणि काहींत एवढेच लिहिले होते की तुमचे बहुतेक शेजारी एसीऐवजी पंखा वापरतात. नंतर मीटर वाचले तेव्हा विजेचा वापर खाली आणण्यात शेजाऱ्यांची चिठ्ठी बाकीच्या सर्व चिठ्ठ्यांहून सरस ठरलेली दिसली. आणि गंमत अशी की लोकांना विचारले असता शेजाऱ्यांचा आपल्यावर काही परिणाम होतो हे ते सर्वांत शेवटी कबूल करीत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात प्रत्येक घराला त्याचा वापर आणि वस्तीची सरासरी कळविण्यात आली. जास्त वापरणारी घरे खाली आली, परंतु आधीच काटकसरीने वागणारी घरे वर चढली, कारण ‘आपण तर फारच कमी वापरतो’ हे त्यांना नव्यानेच कळले होते. त्यांच्या चिठ्ठीवर शाबासकीचा एक हसरा चेहरा काढल्यावर ही वाढ थांबली. वीजबचतीचे काम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा दुसरा प्रयोग लक्षात ठेवावा असे मला वाटते, कारण एका घराला जो आकडा औषध तोच दुसऱ्या घराला अपायकारक होऊ शकतो.

सेरंगूनमध्ये हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. विद्यार्थ्यांच्या समाजकार्याचा ओढा साहजिकच गरिबांच्या घरांकडे असतो: एक-दोन खोल्यांच्या भाड्याच्या सदनिका, त्यांत एकट्याने राहणारे वृद्ध, छताला एखादा मिणमिणता दिवा आणि कोपऱ्यात जुना पंखा. अशा लहान घरांतला मासिक वापर सरासरीने २०० युनिटांच्या आसपास असतो, चार खोल्यांच्या घरात तो पावणेचारशेच्या जवळ जातो. ज्या आजोबांच्या घरी एसी नाही आणि जे आंघोळीला पाणी तापवीत नाहीत, त्यांना वीजबचतीचा पाठ देणे हे मला अन्यायाचे वाटते. त्यांच्या घरी विद्यार्थ्याने जुन्या नळीच्या जागी एलईडी दिवा लावून द्यावा, पंख्याची पाती पुसून द्यावीत, उखडलेल्या वायरीकडे एखाद्या जाणत्या कारागिराचे लक्ष वेधावे आणि सरकारकडून मिळणारी वीजबिलातील सूट त्यांच्या खात्यावर वेळेवर जमा होते की नाही हे पाहून द्यावे. ही सेवा आहे, पण तिला बचतीची मोहीम म्हणू नये. उलट एखाद्या भर दुपारी, वाराही नसताना, ऐंशीच्या घरातली आजी काटकसरीपायी पंखा बंद करून घामाने भिजत बसली असेल, तर तिला पंखा लावावयास सांगणे हेच त्या मुलाचे कर्तव्य ठरेल.

भाषेचा भागही येथे मोठा आहे. १९८९ पासून सरकारने प्रत्येक ब्लॉकमध्ये चिनी, मलय, भारतीय अशा सर्व समाजांचे प्रमाण ठरवून दिले, तेव्हापासून कोणताही ब्लॉक एकाच भाषेचा राहिला नाही. एका मजल्यावर हॉक्यन बोलणाऱ्या आजीबाई, शेजारी मलय कुटुंब, त्यापलीकडे तामिळ, आणि क्वचित एखादे मराठी घर, अशी रचना असल्यामुळे सतरा-अठरा वर्षांच्या मुलांची जी जोडी दाराशी येते तिच्यात निरनिराळ्या घरच्या भाषा असणे सोयीचे ठरते. ‘आंटी’, ‘अंकल’ अशी हाक मारून आत येणाऱ्या मुलाला जो आदरातिथ्याचा चहा मिळतो तो सरकारी पत्रकाला मिळत नाही. निवासी समित्या तेथे १९७८ पासून आहेत आणि तळमजल्यावरच्या मोकळ्या ओसरीवर, जिला सर्व जण व्हॉइड डेक म्हणतात, लग्नापासून अंत्यविधीपर्यंत सारे समारंभ होतात. मुलांनी तेथे एक टेबल मांडून वीज मोजण्याचे छोटे यंत्र प्रत्येक उपकरणाला लावून दाखविले तर येणारेजाणारे थांबतात. किटली, भात शिजविण्याचे भांडे, पंखा, टीव्ही यांचे आकडे डोळ्यांदेखत वरखाली होताना पाहिले की वॉट आणि युनिट यांतला फरक समजून देण्यासाठी व्याख्यानाची गरज उरत नाही.

वस्तुतः जास्त वीज वापरणारी घरे त्या टेबलापाशी येतच नाहीत. एचडीबीच्या इमारतींपासून थोड्याच अंतरावर सेरंगून गार्डन्स ही १९५०च्या दशकात वसलेली बैठ्या व दुमजली घरांची वस्ती आहे. आरंभी तिच्यात ब्रिटिश लष्करातील कुटुंबे पुष्कळ राहत. आता चॉम्प चॉम्प नावाच्या खाद्यबाजारामुळे ती साऱ्या शहराला परिचित आहे. सिंगापुरात अशा जमिनीवरच्या घरांचा सरासरी मासिक वापर हजार युनिटांच्या वर आहे. म्हणजे वर सांगितलेल्या एक-दोन खोल्यांच्या घराच्या पाचपट. महाराष्ट्रात महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढत जातात: पहिल्या १०० युनिटांना एक दर, ३०० पर्यंत दुसरा, पुढे त्याहून चढा, त्यामुळे अधिक वापरणाऱ्याला बिलच इशारा देत असते. सिंगापूरच्या नियंत्रित दरात पहिल्या युनिटाला जो भाव तोच हजाराव्याला. धनिकाच्या घरी बिलाचा आकडा उत्पन्नाच्या मानाने नगण्य असतो, दारावर घंटा असते पण फाटक बंद असते, आणि समाजकार्यासाठी जी घरे विद्यार्थ्यांना नेमून दिली जातात त्यांत ते घर नसते. परिणामी सर्वांत कमी वाचवू शकणाऱ्यांना सर्वांत जास्त उपदेश मिळतो. या मुलांच्या कामात मला जे सर्वांत मोठे न्यून दिसते ते हेच, आणि ते मुलांचे नसून त्यांना दिशा देणाऱ्या मोठ्यांचे आहे. बंगल्यात राहणारी मुलेही याच महाविद्यालयांत शिकतात. त्यांना परक्याच्या दारी पाठविण्याआधी स्वतःच्या घरचे बारा महिन्यांचे बिल वर्गात आणावयास सांगितले, तर शालेय मोहिमेच्या त्या अभ्यासात जे दिसले, की मूल आईबापांवर प्रभाव टाकते, त्याचा लाभ जेथे पाहिजे तेथे मिळेल.

मराठी कुटुंबांची गोष्ट थोडी निराळी आहे. १९९०च्या दशकापासून संगणक, बँका आणि जहाजव्यवसाय यांच्या निमित्ताने सिंगापुरात स्थिरावलेली ही मंडळी गणेशोत्सव साजरा करतात, महाराष्ट्र मंडळ चालवितात आणि ‘ऋतुगंध’ नावाचे मराठी नियतकालिकही काढतात. पण त्यांच्यापैकी पुष्कळ जण भाड्याच्या घरात राहतात. भाडेकरूला एसी वा गिझर बदलण्याची मुभा नसते, तो मालकाने बसविलेला असतो. आणि जुने स्वस्त यंत्र लावणारा मालक वेगळा आणि त्याचे बिल भरणारा भाडेकरू वेगळा असल्यामुळे चांगले यंत्र घेण्यात कोणाचेच हित उरत नाही. अशा घरी विद्यार्थ्याने यंत्रापेक्षा वापराबद्दल बोलावे: भाड्याचा करार करताना एसीची नियमित सफाई कोणी करावयाची हे लिहून घ्या, घर पाहावयास जाल तेव्हा यंत्रावरच्या चिठ्ठीकडे पाहा, पाणी साठविणारा गिझर असेल तर तो दिवसभर चालू ठेवू नका. बाकी अनेक बाबतींत आपल्या घरांना शिकविण्यासारखे फारसे नाही. डाळ भिजत घालून कुकरमध्ये शिजविणे, कपडे उन्हात वाळविणे, आठ माणसांचा स्वयंपाक एकाच वेळी उरकणे या सवयी सोलापुराहून वा चिपळूणहून नातवंडांना सांभाळावयास आलेल्या आजीच्या अंगी मुरलेल्या असतात. पण तिलाही झोपताना एसीचा आकडा किती ठेवावा हे ठाऊक नसते, कारण तिच्या संसारात तो नव्हताच. तिच्याशी मराठीत चार शब्द बोलून तो रिमोट समजावून देणारी नात घरातच असते.

बचतीच्या उपदेशाला एक मर्यादाही असते. २०१३ च्या जूनमध्ये इंडोनेशियातील वणव्यांचा धूर सिंगापूरवर आला आणि २१ तारखेला तेथील प्रदूषण निर्देशांक ४०१ वर गेला, तेव्हा लोकांनी खिडक्या लावून घेतल्या आणि एसी दिवसाही चालू झाले. अशा दिवसांत बचतीचे बोलणे निरर्थक होते. वीजबचत ही माणसाच्या श्वासाहून मोठी नाही, हे विद्यार्थ्यांच्या पत्रकात जरूर असावे.

यंत्रे चांगली असावीत ही जबाबदारी मात्र मुळात सरकारने उचलावयाची असते आणि सिंगापूरने ती बऱ्याच अंशी उचलली आहे. २००८ पासून फ्रीज आणि एसी यांच्यावर ऊर्जेची चिठ्ठी सक्तीची झाली. आपल्याकडे जसे तारे तसे तेथे बरोबरच्या खुणा, आणि पाच खुणा म्हणजे उत्तम. पुढच्या वर्षी कपडे वाळविणारी यंत्रे, नंतर टीव्ही आणि दिवे या यादीत आले. २०११ पासून ठरावीक दर्जाखालचे एसी आणि फ्रीज विकण्यासच मनाई झाली, आणि बचतीच्या साऱ्या उपदेशापेक्षा या एका हुकुमाने अधिक वीज वाचविली असावी असे माझे मत आहे. कारखान्यांवर व वीजकेंद्रांवर २०१९ पासून टनाला ५ डॉलर असा जो कर्बकर होता तो २०२४ मध्ये २५ झाला आणि २०२६ पासून ४५ करण्यात आला. त्याची काही झळ घरच्या बिलापर्यंतही पोचते. तिचा भार हलका करण्यासाठी १५ एप्रिल २०२४ पासून एचडीबीच्या प्रत्येक कुटुंबाला ३०० डॉलरांची हवामान व्हाउचरे मिळू लागली, पुढच्या वर्षी त्यांत १०० ची भर पडली. त्यांतून एलईडी दिवे, कमी वीज खाणारे पंखे, चांगल्या खुणांचे फ्रीज आणि पाच खुणांचे एसी घेता येतात.

या व्हाउचरांची मुदत ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत आहे, आणि येथे विद्यार्थ्याला एक नेमके काम मिळते. ज्या वृद्धाला मोबाइलवरून व्हाउचर उघडता येत नाही त्याचे व्हाउचर कागदावर छापून आणून द्यायचे, आणि सेरंगूनच्या नेक्स या मॉलमधल्या किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात त्याच्याबरोबर जाऊन विक्रेत्याला किमतीऐवजी वर्षाचा युनिटांचा आकडा विचारायचा. फ्रीज दहा-बारा वर्षे चालतो, एसीही बहुधा तितकाच. दुकानातल्या त्या अर्ध्या तासात ठरलेला आकडा पुढे दशकभर दर महिन्याला बिलावर छापून येत राहतो, आणि तोवर त्या मुलाचे कॉलेज, विद्यापीठ आणि त्याच्या पहिल्या नोकरीची काही वर्षेही संपलेली असतात.